रंगात 'पॉलिमर' घालावं का? (घर देवगडला, भिंती चिऱ्याच्या, पाऊस नेहमीचा)

चाकरमानी_देवगड
मंडळी, गावच्या घराला रंग काढायचाय. समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर घर आहे. मूळ भिंती चिऱ्याच्या (म्हणजे जांभ्या दगडाच्या), १९९० च्या सुमारास वडिलांनी बाहेरून सिमेंटचं प्लास्टर करून घेतलं. पश्चिमेची भिंत तेव्हापासून त्रास देते आहे. दसऱ्यापर्यंत पोपडे, मग पांढरी खार, आणि पुढच्या आषाढात शेवाळ.

रंगारी गावातलाच आहे, हात चांगला आहे, माणूस सरळ आहे. तो म्हणतो, बाहेरचं चांगलं इमल्शन घ्या आणि वीस लिटरच्या बादलीत लिटरभर 'पॉलिमर' ओतू. पांढरं दुधासारखं असतं ते. म्हणे रंग ताणला तरी फाटत नाही, पाणी आत शिरत नाही, पाच वर्षं बघायला नको. हार्डवेअरवाला मान हलवतो (तो हलवणारच). मुंबईतला सिव्हिलवाला मित्र म्हणतो पैसे समुद्रात टाक, निदान मासे तरी बघतील.

हे पॉलिमर म्हणजे नक्की काय आणि ते रंगात घालायचं असतं का? कोणी घातलं असेल तर अनुभव सांगा. गणपतीच्या आधी उरकायचं आहे.

सोलकढी
वाचतेय. आमच्याकडेही हाच रंगारी-संवाद चालू आहे, फक्त तालुका गुहागर.

कुळथाची_पिठी
गणपतीक पंधरा दिस रवले काय आमच्याकडे सगळ्यांका रंग आठवता. भिंत भिजलेली, रंगारी भिजलेलो, रंगात पाणी आधीच घातलेला. तेच्यात आनी पॉलिमर खंय घालतलास?

खाडीकाठ
पिठी +१.

धागाकर्ते, एक विचारतो. नव्वदच्या प्लास्टरला वाळू कुठली वापरली होती? आमच्या पट्ट्यात तेव्हा सर्रास खाडीची वाळू यायची, पावसाळ्यात ढीग बाहेर ठेवून धुतली तर धुतली. ती असेल तर प्लास्टरच्या पोटातच मीठ आहे. मीठ हवेतला दमटपणा ओढून घेतं, भिंत उन्हाळ्यातही पूर्ण वाळत नाही. पाणी बाहेर येताना मीठ सोबत आणतं आणि रंगाच्या मागे त्याचे खडे धरतात. खडे वाढले की रंगाला ढकलतात. ते पोपडे पाण्यामुळे जेवढे आहेत तेवढेच मिठामुळे. वरून कुठलंही दूध ओता, मीठ आतून येतंय.

पोपडा उचकटून त्याची मागची बाजू जिभेला लावून बघा, असं आमचे गवंडी सांगायचे. मी सांगत नाही, रंगात काय काय असतं कोणास ठाऊक.

आंबोळी
जिभेला नका हो लावू! जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) हा कायदा २०१६ चा, अंमल २०१७ च्या शेवटी. त्याआधीचे थर बऱ्याच घरांवर अजून आहेत. कोरडं घासतानाही पोरांना लांब ठेवा आणि नाकाला फडकं बांधा.

लोट्याचे_काका
माझी नोकरी लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत गेली, त्यातली बरीच वर्षं इमल्शनच्या प्रयोगशाळेत. त्यामुळे इथे तोंड उघडायचा थोडा हक्क सांगतो.

हार्डवेअरच्या दुकानात पांढरं दूध म्हणून जे मिळतं ते किमान तीन प्रकारचं असतं. एक शुद्ध ॲक्रिलिक, दुसरं एसबीआर म्हणजे स्टायरीन-ब्युटाडाइन, तिसरं पीव्हीए म्हणजे सुतारकामाच्या पांढऱ्या डिंकाच्या जातीचं. बाटलीत तिन्ही सारखीच दिसतात, कारण पॉलिमरचे बारीक कण पाण्यात तरंगत असतात आणि ते प्रकाश विखुरतात. वाळल्यावर मात्र तिघांचे रस्ते वेगळे. पीव्हीए ओल आणि चुन्या-सिमेंटच्या क्षारात मऊ पडतं, रासायनिकदृष्ट्या तुटतंच. त्याचं काम घरात, कोरड्या जागी. एसबीआर सिमेंटमध्ये उत्तम, पाण्याला दाद देत नाही, पण उन्हात उघडं ठेवलं तर पिवळं पडतं. ॲक्रिलिक ऊन, पाणी, क्षार तिन्ही सोसतं म्हणून बाहेरच्या रंगाचा पायाच ते आहे. म्हणून रंगाऱ्याला पहिला प्रश्न: यातलं कुठलं? डब्यावर लिहिलेलं नसेल तर ते दूध पूजेला ठेवा.

आता मुख्य मुद्दा. चांगलं बाहेरचं इमल्शन म्हणजेच ॲक्रिलिक पॉलिमर. त्यात रंगद्रव्य आणि खडूसारखा भराव मिसळलेला असतो. शुद्ध ॲक्रिलिक इमल्शनवरचे घररंग अमेरिकेत १९५३ मध्ये बाजारात आले, तेव्हापासून हेच सूत्र चालू आहे. पॉलिमर म्हणजे लहान रेणू जोडून झालेल्या लांब साखळ्या. त्या लहान रेणूंना मोनोमर म्हणतात, आणि रंगाचं पॉलिमर बनतं दोन-तीन मोनोमरांच्या मिश्रणातून. मिथाइल मेथाक्रिलेटचं पॉलिमर काचेसारखं कडक, १०५ अंशांच्या आसपास तापवल्याशिवाय मऊ होत नाही. ब्युटाइल ॲक्रिलेटचं उलट, उणे ५० अंशांच्याही खाली गेल्याशिवाय कडक होत नाही. दोन्ही किती घ्यायचे ते ठरवून रंग किती ताणेल, किती कडक राहील हे कारखान्यात जुळवलेलं असतं.

त्याच डब्यात आणखी ॲक्रिलिकं असतात, ती ग्राहकाला कधी दिसत नाहीत. रंगद्रव्याचे गोळे सुटे ठेवायला सोडियम पॉलिॲक्रिलेट, अगदी किंचित. रंग घट्ट ठेवायला दुसरं एक ॲक्रिलिक, जे क्षारात (अल्कलीत) फुगतं. बादली उघडल्यावर कधीकधी नाकाला अमोनिया झोंबतो तो त्यासाठीच घातलेला. काही रंगांत स्टायरीन-ॲक्रिलिकचे पोकळ कण असतात. ते वाळले की आत हवा राहते आणि तेवढं टायटॅनियम डायऑक्साइड, म्हणजे महागडं पांढरं रंगद्रव्य, वाचतं. या सगळ्यांचं गणित मिलिग्रॅममध्ये बसवलेलं. त्यात तुम्ही अंगणात काठीने ढवळून लिटरभर दूध ओतणार.

काय होईल? बहुतेक वेळा नाट्यमय काहीच नाही. रंग पातळ होईल, झाकण्याची ताकद घटेल, दोनाच्या जागी तीन हात लागतील, किंचित चकाकी येईल. नशीब फिरलं तर रंग फुटेल, बादलीत बारीक कण्या दिसतील. फायदा शोधावा लागेल. ज्या कंपनीचा रंग तिनेच अमुक अमुक घाला असं डब्यावर छापलं असेल तर गोष्ट वेगळी.

सोलकढी
काका, 'पूजेला ठेवा' 😀
हे सगळं कळायला मला दोनदा वाचावं लागलं, पण कळलं.

हात_मारू
मी रत्नागिरीत रंगाची कामं घेतो. काका बरोबर बोलतायत पण अर्धंच बोलतायत. रंगारी म्हणजे ठग असं वाटू नये म्हणून लिहितो.

आम्ही पॉलिमर घालतो आणि फरक पडतो. कशात? सिमेंटच्या रंगात आणि डिस्टेंपरमध्ये. गडग्याला, गोठ्याला, मागच्या भिंतींना कोणी महाग इमल्शन मारत नाही. सिमेंट रंग मारला की दोन वर्षांत हाताला पांढरी भुकटी लागते. त्यात थोडं ॲक्रिलिक घातलं की भुकटी कमी, आणि रंग पाणी धरून ठेवतो म्हणून नीट पिकतो. हे पन्नास घरांवर बघितलंय. मालक विचारतो 'भाऊ, टिकेल ना', आम्ही म्हणतो 'पॉलिमर घातलंय'. मग तेच वाक्य इमल्शनलाही चिकटतं. मालकालाही ते ऐकायला आवडतं, हे पण लिहा.

लोट्याचे_काका
हात_मारू, शंभर टक्के मान्य, आणि कारणही सोपं आहे. स्वस्त डिस्टेंपरमध्ये भराव इतका असतो की सगळ्या कणांना धरायला चिकट द्रव्य पुरत नाही. कणांमध्ये हवेची भोकं राहतात. तिथे जास्तीचं पॉलिमर घातलं तर भोकं बुजतात, घासलं तरी रंग जात नाही. महाग इमल्शनमध्ये ती भोकं आधीच बुजलेली असतात, तिथे जास्तीचं द्रव्य नुसतं भाव खातं.

चाकरमानी_देवगड
वा, एवढं अपेक्षित नव्हतं. रंगाऱ्याला फोन केला. त्याचं दूध 'वॉटरप्रूफिंगवालं' आहे, डब्यावर सिमेंट आणि गच्चीचं चित्र आहे म्हणतो. म्हणजे ते रंगासाठी नाहीच?

लोट्याचे_काका
ते सिमेंटसाठी. आणि तिथे ते हिरा आहे. भेगा भरायला, जुन्या प्लास्टरवर नवा तुकडा चिकटवायला, स्लॅबवर सिमेंटची खीर करून फासायला. सिमेंटच्या छिद्रांत पॉलिमरचा पडदा धरतो, तडे कमी जातात, पकड वाढते.

फक्त एक गोष्ट आमचे गवंडी हमखास उलटी करतात. साध्या सिमेंटला आठवडाभर पाणी मारायची सवय, म्हणून यालाही मारत बसतात. यात पहिला एक-दोन दिवस ओल ठेवायची आणि मग हवेत वाळू द्यायचं. वाळल्याशिवाय पॉलिमरचे कण एकमेकांत मिसळत नाहीत, पडदा होतच नाही.

चिरेबंदी
मी आर्किटेक्ट, कामं मुख्यतः सावंतवाडी-वेंगुर्ला भागात. इथे रंगावर चर्चा चाललीय, भिंतीवर कोणी बोलत नाही.

चिरा हा पाणी पिणारा दगड आहे. खाणीतून ओला निघतो तेव्हा तासता येतो, हवेत कडक होतो, पण छिद्रं जात नाहीत. जुन्या घरात तो आतबाहेर चुन्याच्या गिलाव्यात असायचा. पावसात पाणी प्यायचा आणि उन्हाळ्यात सोडायचा. नव्वदच्या दशकात सगळ्यांनी बाहेरून सिमेंट फासलं. सिमेंट कडक, चिऱ्यापेक्षा कमी श्वास घेणारं. बारीक तडे जातात, तड्यातून झडीचं पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट सापडत नाही. आता त्यावर तुम्ही ताणणारा, पाणी-बंद रंग मारणार. भिंतीतलं पाणी कुठे जाईल? जिथे पकड कच्ची तिथे रंगाला फुगा येतो. मी असे फुगे सुरीने फोडले आहेत, आतून पाण्याची धार आली आहे.

देवगडच्या घरासाठी माझं मत: पश्चिमेच्या भिंतीचं पोकळ वाजणारं प्लास्टर काढा, चुन्याचा किंवा चुना-सिमेंट मिश्र गिलावा करा, आणि वाफ जाऊ देणारा रंग. जाड ताणणारा रंग आरसीसीच्या घराला, जिथे तडे हाच रोग आहे. चिऱ्याच्या भिंतीचा रोग कोंडलेलं पाणी आहे.

खाडीकाठ
चिरेबंदी, सगळं प्लास्टर काढायचा खर्च कोण देणार? सल्ला देताना खिसा पण बघा.

चिरेबंदी
सगळं नाही लिहिलेलं. पोकळ वाजतं तेवढंच. नारळ वाजवून बघता तसं भिंत वाजवून बघा.

लाल_माती
ताणणाऱ्या रंगाचा आणखी एक तोटा सांगते, कोणी लिहिला नाही. आमच्या शेजाऱ्यांनी मारला, पांढराशुभ्र. मेमध्ये रस्त्यावरची लाल धूळ उडून त्याला जी चिकटली ती धुतली तरी जाईना. आता घर बदामी दिसतं. ते म्हणतात हाच रंग मागवला होता.

लोट्याचे_काका
लाल_माती, तुमचे शेजारी हुशार. ताणण्यासाठी पॉलिमर मऊ करावं लागतं, आणि मऊ पॉलिमर उन्हात किंचित चिकट होतं, धूळ धरतं. कडक केलं तर धूळ बसत नाही पण तडा गेला की रंगही फाटतो. यावर तोडगा म्हणून कणाचा गाभा मऊ आणि कवच कडक अशी पॉलिमरं बनवतात. काही रंगांत असं रसायन घालतात जे उन्हामुळे फक्त वरचा थर घट्ट करतं. जिथे लाल माती उडते तिथे डबा घेताना हे विचारावं, आणि शक्यतो पांढरा घेऊच नये. खालच्या तीन फुटांना काव नाहीतर गडद तांबडा पट्टा मारायची आपली जुनी रीत उगाच नव्हती. पागोळ्यांनी उडालेला चिखल त्याच्यात दिसतच नाही.

मुग्धा_वेंगुर्ला
चुन्याचा विषय निघालाच आहे म्हणून. आमच्या आजीच्या घराला अजून चुनाच देतो. चुना भिजवून मुरवायचा, गाळायचा, त्यात तुरटी आणि पेजेचं पाणी. पातळ हात, तीन-चार वेळा. दरवर्षी द्यावा लागतो हे खरं, पण पोपडा नावाला नाही आणि शेवाळही कमी धरतं.

प्रश्न काकांना: यात ॲक्रिलिक घातलं तर चालेल? एक जण म्हणाला चुना मग हाताला लागत नाही.

आणि एक तक्रार. आमच्या नव्या घराचा दर्शनी चिरा उघडा ठेवला. काम करणाऱ्याने त्यावर पारदर्शक चकचकीत कोट मारला, 'ॲक्रिलिक आहे ताई, दगड नवा राहील'. पहिल्या पावसातच कोट ठिकठिकाणी दुधी झाला, दुसऱ्या वर्षी साप कात टाकतो तसा सुटायला लागला. फोन केला की तो 'दमट हवा आहे ताई' म्हणतो. वेंगुर्ल्यात दमट हवा असते हे त्याला कोट मारल्यावर कळलं.

कुळथाची_पिठी
शेवटच्या वाक्याक नारळ फोडलो.

लोट्याचे_काका
मुग्धाताई, चुन्यात थोडंसं शुद्ध ॲक्रिलिक चालतं, हाताला लागणं कमी होतं. पण जास्त घातलं की चुन्याचा श्वास बंद. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी होतो आणि तीच त्याची पकड. त्याच्याभोवती प्लास्टिकचा पडदा आला तर हवाच पोचत नाही. आजीची पेज पुरेशी आहे.

चिऱ्याचं असं की पडदा धरणारा कोट आणि आत मुरणारं पाणीरोधक या दोन वेगळ्या वस्तू आहेत. चकचकीत दिसतं ते पडदा धरतं. दगडाच्या मागून ओल आली की पडद्याखाली अडकते, दुधी दिसते, मग सुटते. उघड्या चिऱ्याला सिलेन-सिलोक्झेन जातीचं (सिलिकॉनच्या कुळातलं) द्रव्य मारतात. ते छिद्रांच्या आतल्या भिंतींना लागतं, छिद्र बुजवत नाही. पाण्याचा थेंब बाहेरून घसरतो, वाफ आतून जाते. चकाकी येत नाही, म्हणून दुकानात कोणी दाखवत नाही. आता आधी जुना कोट काढावा लागेल, ते काम मात्र किचकट.

हर्णैचा_नाखवा
भिंतींचं चालू द्या. आमच्या होडीला हे ॲक्रिलिक-बिक्रिलिक काही उपयोगाचं नाही. पाण्याखाली दोन दिवसांत मऊ होऊन सुटेल. पूर्वी बुडाला चुना-चरबीचा लेप आणि वरच्या फळ्यांना माशाचं तेल. आता फायबरच्या होड्या आणि तांब्याचा लाल रंग. पाण्याखाली ॲक्रिलिक चालत नाही, एवढं लिहून ठेवा.

दर्यावर्दी
नाखवा, बोटीवर आयुष्य काढलंय म्हणून थोडी दुरुस्ती. भिंतीचं इमल्शन चालत नाही हे खरं. पण मोठ्या जहाजांच्या बुडाला शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून जो रंग असतो त्याचा सांगाडा ॲक्रिलिकचाच असतो. मुद्दाम असा बनवतात की समुद्राच्या खाऱ्या पाण्यात वरचा थर हळूहळू विरघळावा आणि प्रत्येक वेळी ताजा, विषारी थर वर यावा. आधी त्या ॲक्रिलिकला ट्रायब्युटाइल टिन नावाचं कथलाचं विषारी रसायन जोडलेलं असायचं. कालवं खाणाऱ्यांनी पुढचं वाचा. फ्रान्समधल्या अर्काशोंच्या खाडीत कालवांच्या शिंपा वेड्यावाकड्या जाड व्हायला लागल्या, पैदास बसली. फ्रान्सने १९८२ मध्ये लहान बोटींवर त्याला आवर घातला. त्याच्या बंदीचा जगभरचा करार २००१ मध्ये झाला आणि २००८ पासून लागू आहे. आता टिनच्या जागी तांबं, जस्त किंवा सिलिल (सिलिकॉनचा गट) जोडलेली ॲक्रिलिकं.

म्हणजे भिंतीवरचं ॲक्रिलिक टिकावं म्हणून धडपड आणि बोटीवरचं झिजावं म्हणून.

हर्णैचा_नाखवा
हे माहीत नव्हतं. कालवांचं ऐकून जीव खालीवर झाला. आमच्याकडे कालवं काढणाऱ्या बायका दुसऱ्या कुठे जातील?

आंबोळी
अवांतर: कालवांचं सुकं कोणी कसं करतं? आमच्याकडे ओल्या खोबऱ्याशिवाय होत नाही.

सोलकढी
आंबोळी, वेगळा धागा काढ, मी रुमाल टाकते. इथे भिंत पडायला आली आहे.

गच्चीवरचा_पत्रा
सगळं वाचलं. सगळ्यांनी रसायन सांगितलं, कोणी झापं का नाही सांगत? माझ्या लहानपणी मृगाच्या आधी पश्चिमेच्या भिंतीला नारळाच्या विणलेल्या चुडतांची झापं बांधायचे. झड भिंतीला लागायचीच नाही. भिंत चार महिने कोरडी. आता झापं विणणारे नाहीत आणि दिसायला बरं नाही, म्हणून आम्ही वळचण दोन-अडीच फूट पुढे काढून पत्र्याचा पाख लावला. त्यानंतर त्या भिंतीचा रंग टिकला, आणि रंग साधाच होता.

चिरेबंदी
पत्रा, तुमच्या प्रतिसादाला माझ्या पूर्ण पदवीचे गुण. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही आडवा. पाणी भिंतीपर्यंत पोचूच दिलं नाही तर निम्मे प्रश्न तिथेच संपतात.

चाकरमानी_देवगड
आता गावाला आलोय, म्हणून उत्तरं देतो. प्लास्टरची वाळू खाडीचीच होती, चुलत्यांनी सांगितलं. भिंत वाजवली: खिडकीखाली मोठा भाग आणि कोपऱ्यात वरपर्यंत पोकळ. पश्चिमेला वळचण जेमतेम फूटभर. वर पन्हळीला भोक आहे, तिथून धार थेट भिंतीवर. हे इतकी वर्षं कोणाला दिसलं कसं नाही याचं उत्तर घरात कोणी देत नाही.

काका, भिंत वाळली आहे की नाही हे घरच्या घरी कसं बघायचं? आणि गणपतीच्या आधी रंग काढलाच तर काय बिघडेल? घरातून दबाव आहे.

लोट्याचे_काका
हातभर लांबीरुंदीचा जाड प्लास्टिकचा कागद भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा. दुसऱ्या दिवशी काढा. आतून घाम दिसला किंवा भिंत गडद झाली असेल तर ओल अजून आहे. ऊन थेट पडतं त्या जागी लावू नका, फसवतं. नवा गिलावा केलात तर ओली हळद थोडीशी फासून बघा. लगेच लालभडक झाली तर क्षार अजून जोरात आहे. सिमेंट असेल तर निदान चार आठवडे जाऊ द्या आणि क्षार सोसणारं अस्तर मारा.

पावसात काय बिघडतं? पाणी उडून गेल्यावर पॉलिमरचे कण एकमेकांना चिकटून सलग पडदा व्हावा लागतो. रंगात त्यासाठी एक मंद उडणारं द्रावक असतं. हवेत आर्द्रता गच्च असली की पाणीही उडत नाही, द्रावकही रेंगाळतं. तेवढ्यात सर आली तर रंगातली साबणासारखी द्रव्यं धुऊन ओघळ उठतात, तपकिरी चिकट रेघा दिसतात. त्या पुढे धुतल्या जातात, पण पडदा कच्चा राहिला तो राहिला. शिवाय शेवाळाला मारणारी औषधं रंगात असतात ती पाण्याने हळूहळू निघून जातात. ताजा रंग रोज भिजला तर ती लवकरच संपतात.

हात_मारू
धंदा करणारा म्हणून सांगतो. गणपतीच्या आधी आतलं काढा: ओटा, पडवी, देवघर, जिथे मखर बसतं ती भिंत. आत पंखा लावता येतो. बाहेरची फक्त पुढची दर्शनी बाजू, ऊन पडलेले सलग दोन-तीन दिवस मिळाले तर. पश्चिमेला आता हात लावू नका. फक्त शेवाळ ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने मारा, तासाभराने ब्रशने घासून धुवा. हातमोजे घाला, आणि त्यात ॲसिड बिलकुल मिसळू नका, दोन्ही एकत्र आले की विषारी वायू सुटतो. आमचा एक पोरगा दवाखान्यात गेला होता.

पश्चिम दिवाळीनंतर. तेव्हा आम्हालाही वेळ असतो आणि भावही बरा लागतो. गणपतीच्या तोंडावर आम्ही पण दोन पैसे जास्त घेतो, खोटं कशाला बोलू.

कुळथाची_पिठी
ह्यो पयलो रंगारी बघलो खरां बोलणारो. नंबर देवा.

चाकरमानी_देवगड
ठरलं ते लिहितो. पन्हळ आजच बदलतोय. आत आणि पुढची बाजू गणपतीच्या आधी, साधं इमल्शन, त्यात काही न घालता. पश्चिमेला पोकळ प्लास्टर नोव्हेंबरमध्ये काढून चुना-सिमेंटचा गिलावा. वळचणीचा पत्रा मेपर्यंत. रंगाऱ्याला हे सांगितलं, तो जरा हिरमुसला. मग म्हणाला, 'पॉलिमर आणलेला हा, तेचा काय करूचा?'

हात_मारू
मोरीच्या बाहेरच्या सिमेंटला आणि गच्चीच्या कोपऱ्यांना वापरा, तिथे सोन्यासारखं काम करेल.

लोट्याचे_काका
आणि भेगा भरताना आधी भेग इंग्रजी व्ही आकारात उकरा, धूळ काढा, भिजवा, मगच मिश्रण भरा. नुसतं वरून फासलं तर पुढच्या वर्षी तीच भेग. प्रमाण डब्यावरचं पाळा, 'थोडं जास्त घातलं तर जास्त चांगलं' इथे लागू नाही.

मुग्धा_वेंगुर्ला
काका, जाता जाता एक. मागच्या वर्षीचं अर्धी बादली इमल्शन उरलंय. झाकण उघडलं तर सडक्या अंड्यासारखा वास येतोय. ढवळून गडग्याला मारू का?

लोट्याचे_काका
नको. रंगारी ब्रश धुतलेलं विहिरीचं पाणी त्यातच ओततात, त्यातून जंतू शिरतात आणि रंग सडतो. आतलं घट्ट करणारं द्रव्य जंतू खातात, रंग पाण्यासारखा होतो. असा रंग मारला तर वास भिंतीला बसतो आणि पकडही नसते. उरलेलं ठेवायचं असेल तर पाणी न घातलेलं, लहान डब्यात काठोकाठ भरून, झाकण घट्ट. ही बादली मात्र विहिरीच्या किंवा व्हाळाच्या आसपास ओतू नका. भुसा नाहीतर वाळू घालून घट्ट होऊ द्या, मग कचऱ्यात.